समुद्री गरुडाच्या टॅगसाठी पक्षीगणना करायची आहे, पैसे नेमके कशाला लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यात चाळीसेक पक्षीनिरीक्षकांचा गट आहे. येत्या थंडीत त्यांना एक दिवसाची पक्षीगणना करायची आहे. दिसलेल्या प्रत्येक प्रजातीमागे देणगीदारांकडून ठरलेली रक्कम घ्यायची आणि त्या पैशातून आपल्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री गरुडाला जीपीएस टॅग, म्हणजे पक्षी कुठे आहे ते कळवणारं छोटं यंत्र, लावून घ्यायचा, असा बेत आहे. किती पैसे लागतील, ते कोणाकडे द्यायचे आणि दुबई-न्यू जर्सीतल्या गाववाल्यांचे पैसे चालतील का, हे त्यांनी विचारलं आहे.

मी बावीस वर्षं शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी ठेवतो आहे. संशोधकांबरोबर टॅग बसवण्याच्या कामात मदतनीस म्हणून राहिलो आहे आणि अशा निधीसाठीच्या चार पक्षीगणना स्वतः उभ्या केल्या आहेत. त्यातली पहिली फसली. का फसली ते पुढे सांगतो, कारण तुमचा बेत वाचताना मला तीच गणना आठवली.

आधी टॅगची किंमत. मी पाहिलेल्या कोटेशनांनुसार मोबाइल नेटवर्कवर चालणारा, सौर पेशीचा टॅग साधारण एक-दीड लाखाच्या आसपास पडतो आणि उपग्रहावरून थेट बोलणारा त्याच्या दुप्पट किंवा जास्त. डॉलर-युरोचा भाव, सीमाशुल्क आणि एका वेळी किती टॅग मागवले यावर आकडा हलतो, म्हणून ज्या संस्थेबरोबर काम कराल तिच्याकडून ताजं कोटेशन घ्या.

आता तुमच्या गणनेचा हिशेब करू. सहा चमू धरा, प्रत्येकाचे आठ देणगीदार, प्रजातीमागे १० रुपये. खाडी, सुरूचं बन, आमराई आणि सडा (कातळाचं पठार) असा दिवसभर फिरलेला चांगला चमू हिवाळ्यात ९० प्रजातींपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे एका देणगीदाराचे ९०० आणि ४८ जणांचे मिळून ४३,२०० रुपये. वर गावातल्या दुकानदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या ठोक देणग्या आल्या, तर साठ-सत्तर हजार. पहिल्याच वर्षी एवढं जमलं तर ते उत्तम यश आहे. पण त्यात टॅग येत नाही. आणि आला तरी तो घेऊ नका, असं मी म्हणेन.

टॅग हा खर्चाचा दिसणारा भाग आहे. त्याचा फोटो निघतो, फलकावर त्याचं चित्र छापता येतं आणि देणगीदाराला तो लगेच कळतो. त्यामुळे टॅगसाठी पैसे देणारे भेटतात. टॅग बसवल्यावर जी दोन-तीन वर्षं काम चालतं, त्यासाठी मात्र कोणी पावती फाडत नाही. माहिती पाठवण्याचा खर्च, एकाच जागेवरून संकेत यायला लागले की तिथे जाऊन पक्षी मेला की टॅग गळून पडला हे पाहणं, घरट्यावर नजर ठेवणाऱ्या गावातल्या माणसाचं मानधन, बोटीचं भाडं. संशोधन अडतं ते इथे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण रशियातलं आहे. तिथल्या शिकारी पक्ष्यांच्या संशोधकांनी स्टेप गरुडांना मोबाइलवर चालणारे टॅग लावले होते. गरुड जिथे जाईल तिथून टॅग आपला ठावठिकाणा एसएमएसने कळवायचा. २०१९ च्या उन्हाळ्यात ‘मिन’ नावाचा गरुड कझाकस्तानात नेटवर्क नसलेल्या भागात राहिला, त्यामुळे संदेश टॅगमध्येच साचत गेले. तिथे नेटवर्क मिळालं असतं तर ते त्यातल्या त्यात स्वस्तात गेले असते. पण मिन निघाला तो थेट इराणात पोचला आणि साचलेले सगळे संदेश तिथून रोमिंगच्या दराने सुटले, एकेक ४९ रूबलना. संशोधकांचं मोबाइलचं अंदाजपत्रक संपलं आणि कर्ज काढायची वेळ आली. त्यांनी लोकांना साधं आवाहन केलं की गरुडाचा मोबाइल रिचार्ज करा. एक लाखाहून जास्त रूबल जमले आणि मोबाइल कंपनीनेही बिल माफ करून स्वस्त दर लावून दिला. तिथे टॅग होते, गरुड जिवंत होते, संशोधकही होते. काम थांबायची पाळी आली ती फक्त रिचार्जवरून. तुमच्या साठ हजारांची जागा मला अशाच ठिकाणी दिसते.

आपला समुद्री गरुड इराणात जाणार नाही. जोडीतले मोठे पक्षी वर्षानुवर्षं आपला किनारा धरून असतात आणि कोकणपट्टीत मोबाइलचं नेटवर्क बहुतेक ठिकाणी मिळतं, त्यामुळे स्वस्तातला मोबाइल-टॅग इथे चालून जावा. वजनाचाही प्रश्न नाही. टॅग आणि पट्टे मिळून पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत असावेत, असा संकेत आहे. मादी अडीच-तीन किलोची धरली तर ७५ ग्रॅमपर्यंत वाव मिळतो आणि बरेच टॅग त्याहून हलके असतात.

अवघड निर्णय आहे तो कोणत्या पक्ष्याला टॅग लावायचा याचा आणि तो देणगीदारांनी घ्यायचा नसतो. घरटं सोडण्याच्या बेतात असलेल्या पिल्लाला लावला, तर आईबापांपासून सुटल्यावर ते कुठे जातं हे कळू शकतं, आणि हाच सगळ्यात अंधारातला भाग आहे. पण शिकारी पक्ष्यांची बरीच पिल्लं पहिल्या वर्षातच मरतात. मोठ्या पक्ष्याला लावला तर घरट्यापासून किती लांबवर शिकार होते, कोणती खाडी लागते, मासेमारी बंदरावर तो किती अवलंबून आहे, हे समजतं. पण त्याला पकडणं अवघड असतं आणि पकडताना इजा होण्याचा धोका असतो. उत्तर कोणता प्रश्न विचारायचा आहे यावर अवलंबून आहे. म्हणून ‘एका गरुडाला टॅग’ हे उद्दिष्ट मला कच्चं वाटतं. एका पक्ष्यावरून त्या पक्ष्याचं कळतं, किनाऱ्यावरच्या गरुडांचं फारसं कळत नाही.

आता माझी फसलेली गणना. आम्ही आधी पैसे जमवले आणि नंतर संशोधक शोधायला निघालो. फलकावर गरुडाचं चित्र, खाली ‘याच्या पाठीवर आपलं यंत्र’ असं लिहिलेलं. दीडशेहून जास्त लोकांनी विश्वासाने पैसे दिले. एक संस्था तयार झाली, पण परवानगी आली नाही. अर्जात त्रुटी निघाली, पुन्हा अर्ज झाला आणि त्यात दोन हंगाम गेले. पैसे बँकेत पडून आणि शाळेतली मुलं मला रस्त्यात थांबवून विचारायची, “काका, गरुड कुठे पोचला?” मला काय सांगावं कळायचं नाही. शेवटी प्रत्येक देणगीदाराला पत्र लिहून, त्याची संमती घेऊन ते पैसे घरट्यांच्या सर्वेक्षणाला दिले. ते काम चांगलं झालं, पण लोकांना जे सांगितलं होतं ते झालं नाही, याची टोचणी अजून आहे.

परवानगीचं म्हणून नीट समजून घ्या. समुद्री गरुड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. संशोधनासाठीसुद्धा त्याला पकडायचं, हाताळायचं तर कलम १२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी ती देण्याआधी केंद्र सरकारची मान्यता लागते. तुमचा गट, मी, गावातले कितीही जाणकार पक्षीमित्र, यांतलं कोणीही हे स्वतःहून करू शकत नाही. परवानगी संशोधन संस्थेला, ठरावीक प्रकल्पासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी मिळते. बाहेरून मागवलेल्या ट्रान्समीटरला दूरसंचार खात्याकडची मंजुरी लागते ती वेगळीच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रकल्प, मग परवानगीची प्रत डोळ्यांनी पाहणं, मग त्या प्रकल्पाला काय कमी पडतं आहे ते विचारणं आणि मगच फलक छापणं. किनाऱ्यावर आज असा प्रकल्प चालू नसेल, तर यंदाची गणना घरट्यांच्या नोंदीसाठी आणि रखवालीसाठी करा. कुठलं झाड, कोणत्या वर्षी जोडी आली, पिल्लं उडाली की नाही, या पाच-सात वर्षांच्या सलग नोंदी हातात असल्या तर उद्या येणारा संशोधक तुमच्याकडेच आधी येईल. टॅग कुठे लावायचा हे त्या नोंदींवरूनच ठरतं.

आणि घरट्याबद्दल मी हट्टी आहे, तेव्हा स्पष्ट लिहितो. गणनेच्या वाटेवर एकही घरट्याचं झाड येऊ देऊ नका. समुद्री गरुडाचा विणीचा हंगाम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि थंडीभर चालतो. म्हणजे तुम्ही थंडीत गणना करणार, तेव्हा घरट्यात अंडी किंवा पिल्लं असणार. त्या दिवशी प्रजातीमागे पैसे आहेत. गरुड यादीत यावा म्हणून सहा चमू एकामागून एक त्याच आंब्याखाली किंवा वडाखाली जाऊन उभे राहिले, तर मादी उठते आणि तेवढ्या वेळात कावळे आपलं काम उरकतात. घरट्याजवळ दिसलेला गरुड यादीत धरायचा नाही, असा नियम आधीच लिहून द्या. खाडीच्या मुखावर, समुद्रावर उडताना दिसला तर धरा. तसा तो दिसतोही.

पक्षीगणनेतून निधी ही कल्पना जुनी आणि पारखलेली आहे. कॅनडात १९७६ पासून अशी प्रायोजित गणना होते. न्यू जर्सीत १९८४ पासून ‘वर्ल्ड सिरीज ऑफ बर्डिंग’ भरते. मे महिन्यात चोवीस तास चमू फिरतात आणि प्रजातीमागे कबूल झालेली देणगी आपापल्या आवडीच्या संवर्धनाच्या कामाला देतात. तुमचे तिथले गाववाले एकदा जाऊन पाहून आले, तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आपल्याकडे तारीख निवडताना दोन पर्याय डोळ्यांसमोर येतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांना जोडणारा. त्या आठवड्यात शाळा सहज तयार होतात. दुसरा पर्याय फेब्रुवारीच्या मध्यातला, जगभर चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’चा. मी दुसरा घेईन. त्या सुमारास कुरव, सुरय आणि चिखलपायटे किनाऱ्यावर असतात आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या तुमच्या याद्या मोठ्या नोंदीचा भाग होतात. पण कॅलेंडरच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. सकाळी सातला पूर्ण भरती असलेला रविवार घेतलात, तर आंजर्ल्याच्या खाडीत पक्ष्यांऐवजी पाणी मोजाल. ओहोटी सकाळी आठ-नऊच्या आसपास येईल असा दिवस मला सगळ्यात सोयीचा वाटतो. झाडीतले पक्षी पहाटे, खाडीतले त्यानंतर.

प्रजातीमागची रक्कम ठेवा, पण प्रत्येक देणगीदाराला वरची मर्यादा लिहायला सांगा: ‘प्रजातीमागे १० रुपये, जास्तीत जास्त ८००’. मर्यादा नसली की लोक बिचकतात आणि आकडा कमी लिहितात, हा माझा अनुभव आहे. चमूमध्ये एक तरी अनुभवी माणूस असावा आणि दोघांनी ओळखल्याशिवाय प्रजाती यादीत जाऊ नये. पैसा जोडला की डोळ्यांना जरा जास्तच दिसायला लागतं. एकदा एका चमूने दूरवर बसलेल्या ब्राह्मणी घारीच्या तपकिरी पिल्लाला तीन वेगवेगळ्या नावांनी यादीत बसवलं होतं. मुलं प्रामाणिक होती, फक्त उत्साहात होती. संध्याकाळी सगळ्यांसमोर यादी वाचली आणि शंकास्पद नावं हसतखेळत वगळली, की देणगीदारांचाही विश्वास बसतो. कबूल झालेले पैसे आठवड्याच्या आत गोळा करा. महिन्याने मागायला गेलात तर अर्धे लोक विसरलेले असतात आणि मागताना तुम्हालाच संकोच वाटतो.

पैसे कोणाच्या खात्यात, हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चूक झाली तर गटाचं नाव जातं. एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. गट नोंदणीकृत नसेल तर देणगीदाराने थेट संशोधन संस्थेच्या खात्यात भरावं आणि पावती संस्थेने द्यावी. तुम्ही फक्त याद्या आणि वचनपत्रं सांभाळा. संस्थेकडे आयकराची ८०जी नोंदणी असेल तर कर-सवलत मिळू शकते, पण २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्यांना तर ती नाहीच. ‘करमुक्त देणगी’ असं मोठ्या अक्षरात छापण्याआधी हे लक्षात घ्या.

दुबई आणि न्यू जर्सी यांच्यात फरक आहे आणि तो गावाचा नाही, पासपोर्टचा आहे. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ती परकीय देणगी धरली जात नाही. दुबईतले तुमचे बहुतेक गाववाले यात बसतील. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र परकीय धरली जाते, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेने घेऊन दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आहे. तेव्हा ‘ओळखीच्या ट्रस्टमधून फिरवून घेऊ’ असं कोणी सुचवलं, तर तिथेच थांबवा. न्यू जर्सीच्या मंडळींना पैशाऐवजी दुसरं काही मागता येईल. संकेतांचे नकाशे मराठीत समजावून सांगणारी पानं तयार करणं, शाळांसाठी चित्रं काढणं, हे ते तिथे बसून करू शकतात.

इथवर तीन गोष्टी झाल्या: प्रकल्प आणि परवानगी आधी, पैसा टॅगपेक्षा त्याच्या मागच्या कामाला, आणि घरटं गणनेच्या बाहेर. राहिलं ते देणगीदाराला काय सांगायचं.

लोकांना गरुडाला नाव द्यायला आवडतं. द्या. वेळासला जानेवारी २०२२ मध्ये कासवाला उपग्रह टॅग लावला आणि तिचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं, तेव्हा किनाऱ्यावरची माणसं तिची चौकशी नात्यातल्या मुलीसारखी करत होती. त्या वर्षी टॅग लावलेल्या कासवांचे संकेत काही महिन्यांत थांबले आणि बऱ्याच जणांना वाटलं की कासव गेलं. तसंच असतं असं नाही. टॅग निखळतो, पट्टा तुटतो, बॅटरी दगा देते, सौर पेशी झाकली जाते. कधी पक्षी खरंच मरतो. आणि तो कशाने मेला हे टॅगमुळे सापडलं, तर तीही मोठी माहिती असते. विजेची तार, विषबाधा, मासेमारीच्या जाळ्यात अडकणं, हे जागेवर पोचल्याशिवाय कळत नाही. हे सगळं गणनेच्या दिवशी, पैसे घेण्याआधी सांगा. मुलांनाही सांगा. मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं समजून घेतात.

फक्त गरुड आत्ता कुठे आहे हे कोणालाही देऊ नका, सगळ्यात मोठ्या देणगीदारालाही नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ईमेलवर यायची, तो उघडण्याचा कोणीतरी प्रयत्न केल्याचं उघड झालं होतं. समुद्री गरुडाच्या बाबतीत शिकाऱ्याआधी फोटोग्राफर पोचेल आणि घरट्यासाठी तोही पुरेसा घातक आहे. दोन-तीन महिने जुना, ठिपके मोठे केलेला नकाशा दाखवा. घरट्याचा भाग त्यातून पुसून टाका. लोक नाराज होत नाहीत. कारण सांगितलं तर उलट राखणदार होतात. ज्यांच्या आमराईत घरटं आहे त्यांना मात्र आधी सांगा, त्यांच्या घरी जाऊन, फोनवर नाही. त्या आंब्याची फांदी ते जोवर तोडत नाहीत, तोवरच हे सगळं आहे. माझं चालायचं तर तुमच्या निधीतला पहिला वाटा त्या घरांना मिळेल.

शेवटी दुबईच्या मंडळींबद्दल तुम्ही लिहिलं होतं की ते ‘संपूर्ण टॅगच देतो’ म्हणत आहेत. नको म्हणू नका. त्यांना सांगा की एका टॅगबरोबर त्याचा तीन वर्षांचा खर्चही उचला आणि दोन्ही रकमा प्रकल्पाच्या संस्थेला एकदमच द्या. संस्थेला पत्र पाठवाल तेव्हा त्यात हे एकच विचारा: ‘टॅग बसवल्यानंतरच्या तीन वर्षांत तुमचं कोणतं काम पैशावाचून अडतं?’ उत्तर आलं की वचनपत्राचा मसुदा इथे टाका. मी ओळ न् ओळ वाचून सांगेन.